कोकिळानं हरतालिका मोडली

कोकिळाच्या तोंडाला लागू नये, असं अमळनेरजवळच्या तिच्या गावात बायका आता उघड म्हणतात. म्हणोत बापड्या! काही वर्षांपूर्वी हीच कोकिळा सासूपुढं मान वर करत नसे. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं धुळ्याला डायलिसिसला जायची आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखी परत यायची. माहेरच्या कुणाचीच किडनी जुळेना. शेवटी नवरा, कुंदन, म्हणाला, "माझी तपासा." त्याची जुळली. त्याच्या आईनं, इंदिराबाईंनी, रडून घर डोक्यावर घेतलं, पण गडी बधला नाही.

किडनी बसली की झालं, असं सगळ्यांना वाटतं. कुठलं झालं! आपलं शरीर भारी संशयी. बाहेरची किडनी दिसली की ते तिच्या अंगावर धावून जातं. त्याला आवरून धरायच्या गोळ्या सकाळी आठला अन् रात्री आठला, जन्मभर. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत, कुणी झाडपाल्याचा काढा दिला तर प्यायचा नाही, पाणी मात्र भरपूर प्यायचं. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी हे दहादा बजावलं होतं.

बजावून काय उपयोग? कोकिळाला इतकं बरं वाटत होतं की रात्रीची गोळी अधूनमधून राहूनच जायची. त्यात मागच्या वर्षी हरतालिका आली. नवऱ्याच्या आयुष्यासाठी निर्जळी उपास. इंदिराबाई म्हणाल्या, "तू मन्हा पोऱ्यानी किडनी लिधी, अन् त्यान्हासाठे एक दिन पानी सोडाले जीवर येस का तुले?"

हे बोलणं कोकिळाच्या काळजात घुसलं. खोटं कशाला सांगा, तिलाही तसंच वाटत होतं. तिनं पाणी सोडलं, पाण्याबरोबर गोळ्याही सोडल्या. थोड्याच दिवसांत तोंड सुजलं, लघवी कमी झाली. धुळ्याला नेलं, किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केली होती. इंजेक्शनं देऊन ती कशीबशी वाचवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचली, पण जेवढी खराब झाली तेवढी परत येणार नाही. पुन्हा असं केलंत तर डायलिसिसच." कुंदन खाटेच्या पायथ्याशी आपल्या कुशीवरच्या टाक्यांच्या व्रणावर हात ठेवून नुसता बसून राहिला. ते पाहून कोकिळाला आधी लाज वाटली, मग अस्सा संताप आला! कुणाच्या पुण्याईसाठी आपण ह्या माणसाचं दान मातीत घालत होतो?

यंदा हरतालिकेला इंदिराबाईंच्या ओसरीवर शेजारणी जमल्या. वाळूची पिंड झाली, पत्री आली. सकाळचे आठ वाजले. कोकिळा उठली, भरला पेला घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत गोळ्या तोंडात टाकून घटाघटा पाणी प्याली.

"अरे देवा!" शेजारच्या प्रमिलाबाई ओरडल्या. "उपास मोडला ना व! आता पिंडीला हात लावू नको."

"लावणार," कोकिळा म्हणाली. "पूजा माझ्या नवऱ्यासाठी आहे ना? मग मीच करणार. पाणी पिऊन करणार. तहान लागली की पुन्हा पिणार."

"कुंदनना जीवले काही व्हयनं म्हंजे?" इंदिराबाईंचा आवाज कापत होता. म्हातारी रागावली नव्हती, घाबरली होती. एक किडनी गेलेल्या लेकाची धास्ती तिला रोज रात्री झोपू देत नसे, आणि देवाला वाहायला तिच्याजवळ उपासाखेरीज दुसरं काही नव्हतं.

कोकिळाला ते दिसलं. तरी ती मागं सरली नाही. ती सासूसमोर जाऊन बसली, त्यांचा हात धरला आणि लुगड्यावरून आपल्या ओटीपोटाच्या उजव्या बाजूला दाबून धरला. नवी किडनी तिथंच बसवतात. हाताला टणक, गोल लागते.

"आत्याबाई, हा तुमचा लेक. मागच्या वर्षी ह्याला मी तहानेनं मारत होते. तुम्ही सांगितलं अन् मी ऐकलं. ह्यापुढं तुमचं ऐकणार नाही, देवाचंही ऐकणार नाही. काय पाप लागायचं ते लागो मला!"

एवढ्या वर्षांत इंदिराबाईंनी त्या जागेला कधी हात लावला नव्हता. बोटं आधी आखडली, मग हळूच पसरली. तान्ह्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा तो हात फिरत राहिला.

"पाप लागेलच," प्रमिलाबाई पुटपुटल्या.

"प्रमिला," हात न काढता इंदिराबाई गरजल्या, "तोंड बंद कर, अन् मन्हा पोऱ्याले पानी लई ये. तांब्या भरीसन!"