बाळंतिणीच्या खोलीतला वारा

हातात घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही, आणि त्यात कुणी खोट काढली की माझं टाळकं सटकतं. बायको म्हणते, तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. म्हणू दे.

आम्ही यूएईत, फुजैराला राहतो. मी एका तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टीत आहे. रिकाम्या टाकीत माणसं साफसफाईला उतरण्याआधी आतली हवा मीटरने मोजायची आणि मगच पर्मिटवर सही करायची, हे माझं काम. सुपरवायझर कितीही ‘यल्ला, यल्ला’ करत घाई करू दे, तीन रीडिंग घेतल्याशिवाय मी पेन काढत नाही.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी, तीही दिवस भरायच्या आधीच. दोन किलोही भरली नव्हती. दोन आठवडे काचेच्या पेटीत ठेवून मग घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं, “ठंड बिलकुल नहीं लगनी चाहिए. रूम वॉर्म रखना.”

दुबईकडे थंडी कसली, असं लोकांना वाटतं. आमची बिल्डिंग जुनी, डोंगराच्या अंगाला. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, खडखडणाऱ्या. घर गार कसं राहील एवढंच बांधणाऱ्याने पाहिलेलं. पहाटे डोंगरावरून वारा सुटला की पडदे हलायचे.

साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी बायकोच्या कानात कापूस घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि मला म्हणाल्या, “जावईबापू, या खोलीत वारा येतोय. बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं मागे लागतं. आणि पिल्लू तर एवढंसं.”

सुट्टीच्या दिवशी मी कामाला लागलो. उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेकडेने हळूहळू फिरवली. धूर वाकडा झाला की तिथे पेन्सिलीने फुली. सतरा फुल्या निघाल्या. फटींत फोमच्या पट्ट्या, कोपऱ्यांत सिलिकॉन, एसीच्या पाइपाच्या भोकात चिंध्या आणि वर टेप, बाथरूमच्या पंख्यावर पुठ्ठा, दाराखाली रबर. मग पुन्हा उदबत्ती. धूर सरळ वर गेला. मला इतका आनंद झाला की झोपलेल्या बायकोला उठवून मी तो दाखवला.

सासूबाईंना शेक-धुरीसाठी शेगडी हवी होती. तीही मीच आणली, सुपरमार्केटातून, बार्बेक्यूच्या कोळशासकट. सकाळी अंघोळी झाल्या की निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी, मग मायलेकींना शेक. छताला लावलेला धुराचा अलार्म कोकलायला लागला तर मी त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली.

शेगडी आणल्यापासून आठव्या दिवशी सकाळी मी टाकीच्या तोंडाशी उभा होतो, हातात मीटर. सासूबाईंचा फोन आला. “डोकं फार जड झालंय हो माझं. हिलाही मळमळतंय. खिडकी बोटभर उघडू का?”

माझं टाळकं सटकलं. एवढा जीव ओतून केलेलं काम. “अजिबात नाही,” मी म्हणालो. “त्या पट्ट्या एकदा निघाल्या की परत तशा बसणार नाहीत. शेगडी आहे ना? मग शेका गुपचूप.” त्या “बरं” म्हणाल्या. मी फोन खिशात टाकला आणि दुसरं रीडिंग घेतलं.

तासाभराने शेजाऱ्यांचा फोन आला. सासूबाई खीर करायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या, परत आल्या तर बायको पलंगावरून खाली पडलेली. त्यांनी तिला ओढत हॉलमध्ये आणलं. बायको वाचली. मुलगी उठलीच नाही.

हॉस्पिटलमध्ये पोलीस आले. मी काही बोलायच्या आत सासूबाई मोडक्या हिंदीत बोलून मोकळ्या झाल्या, “कोयला मैंने जलाया. खिडकी मैंनेच बंद रखी. दामाद तो ड्यूटी पे था.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी त्यांना तसंच बोलू दिलं. बंद खोलीत कोळशाच्या वायूने गुदमरून अपघात, अशी नोंद झाली, खलास.

निदान बायकोला तरी मी सांगायला हवं होतं. ती शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं हेच विचारलं, “आईने खिडकी का नाही उघडली?”

मी म्हणालो, “त्यांना कळायला हवं होतं.”

तेव्हापासून ती आईशी बोललेली नाही. एकदाही नाही.

सासूबाई मला फोन करत राहिल्या, महिन्यातून एकदा, मी ऑफिसात असताना. “ती जेवते ना नीट?” एवढंच विचारायचं. त्या सकाळच्या फोनचा विषय त्यांनी कधी काढला नाही, लेकाजवळही नाही, नाहीतर माझा मेहुणा मला शिव्या द्यायला पहिल्या विमानाने आला असता. त्यांचा आवाज ऐकला की मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की राग यायचा, तोही त्यांचाच. माणूस इतका नीच असू शकतो हे मला स्वतःकडे बघून कळलं.

परवा मेहुण्याचा फोन आला. आईने अन्न सोडलंय, फार दिवस काढेलसं वाटत नाही, ताईला पाठवा. बायको पोळ्या करत होती. मी निरोप सांगितला. तिने गॅस बंद केला आणि हात पुसले.

“जाऊ का रे?” तिने विचारलं. “मला कळत नाहीये. तू सांग. तू म्हणालास तर जाते.”

‘खिडकी मीच उघडू दिली नाही,’ एवढं एक वाक्य पुरे होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

“तुझी मर्जी,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, गॅस पेटवला आणि पुढची पोळी लाटायला घेतली.