स्वरूपा पाठ करत नाही

पाठांतराने गणित येतं असं म्हणणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. आमच्या लक्ष्मीबाई नगरात असे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे मुकुटमणी म्हणजे माझे शेजारी भालचंद्र खासनीस. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. दिवेलागणीला त्यांच्याकडे रामरक्षा होते, आणि एकदा सुरू केली की मध्ये थांबायचं नाही हा घरचा नियम.

त्यांची मुलगी स्वरूपा याच शिस्तीत बारावीला गणितात शाळेत पहिली आली आणि गणितातच पदवी घ्यायला मॅथ्स ऑनर्सला गेली. कॉलेजातही तिने सिद्धता स्तोत्रासारख्या घोकल्या. पहिल्याच टेस्टमध्ये मॅडमनी प्रमेयातली एक अट काढून टाकली आणि विचारलं, आता हे खरं आहे का? पोरीने अख्खी सिद्धता धडाधड लिहून काढली. सुरू केली होती ना, थांबणार कशी? उत्तर होतं 'नाही'. मिळाला भोपळा.

मार्क कळले तेव्हा मी त्यांच्याकडेच चहा घेत होते. "पाठांतर कमी पडलं," खासनीस म्हणाले. "सेमिस्टरला नापास झालीस तर पुढच्या वर्षी बी.कॉम."

"कमी नाही बाबा, जास्त झालं. आता मी एक ओळही पाठ करणार नाही. बिल्कुल नाही."

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग ती स्वयंपाकघरात आईला सिद्धता समजावू लागली. लतावहिनींचा गणिताशी छत्तीसचा आकडा, पण मेथी निवडता निवडता त्या प्रत्येक ओळीला विचारत, "अच्छा, पण हे कशावरून?" सांगता आलं नाही की स्वरूपा पाय आपटत खोलीत जायची. एकेक अट काढून बघायची, कुठे मोडतं ते शोधायची आणि परत यायची. कधी कधी अख्ख्या संध्याकाळीत दोनच ओळी व्हायच्या. "अशाने कोर्स संपेल का?" खासनीस कुरकुरत. नाहीच संपला. दोन धडे तसेच ठेवून ती परीक्षेला गेली.

निकाल लागला तेव्हा खासनीसांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "एकसष्ट? फक्त?"

"न शिकलेल्या धड्यांचे प्रश्न मी कोरे सोडले."

"अगं, निदान पाठ करून लिहायचंस! मार्क्स तरी मिळाले असते."

"मिळाले असते. आणि मला काय येत नाही ते कुणालाच कळलं नसतं, मलासुद्धा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"पास झालेय मी, बाबा. बी.कॉम. विसरा. सुट्टीत ते दोन धडे करणार आहे, आणि 'कशावरून' ते आता तुम्ही विचारायचं. आई दमलीये."