सोमवारचं वाटप

रविवारी सुविधाला जाग यायची ती नारळ खवण्याच्या आवाजाने. कृष्णनाथ स्वयंपाकघरात आदोळीवर बसलेला असे, आणि समोरच्या परातीत पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याचा ढीग चढत असे. लग्न झालं तेव्हा कुणी तिला सांगितलं असतं, की खाणीवर मशीन चालवणारा तुझा नवरा एक दिवस घरचं आठवडाभराचं वाटप, म्हणजे कढीचा ओल्या खोबऱ्याचा मसाला, वाटून ठेवील, तर ती पोट धरून हसली असती.

खाण बंद पडली तेव्हा धाकटा मुलगा साईश बालवाडीत होता. पहिले काही महिने कृष्णनाथ फाटकापाशी उभा राहून नुसता रस्त्याकडे बघायचा. ट्रक थांबले होते, धूळ बसली होती. मये गावातल्या झाडांची पानं कित्येक वर्षांनी हिरवी दिसू लागली होती आणि नेमकं तेच त्याला बघवत नव्हतं. सुविधा पणजीच्या एका कचेरीत कारकून. पहाटे उठून डबे भरायचे, धावत बस गाठायची, संध्याकाळी येऊन पुन्हा चुलीपुढे उभं राहायचं. एका रविवारी ती तापाने झोपून राहिली. कृष्णनाथने नारळ फोडला, आपली आई काय काय घालायची ते आठवून मिरच्या-धणे काढले आणि मिक्सर लावला. कढी इतकी तिखट झाली, की थोरली गौरवी रडली.

"रडू नको गो बाय, फुडल्या आयताराक कमी घालतां," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने खरंच कमी घातलं. त्याच्या पुढच्या रविवारी, वाटप कोण करणार, हे कुणी विचारलंही नाही.

मग त्याची एक पद्धतच होऊन गेली. शनिवारी रात्री मूग भिजत घालायचे. सोमवार शिवराक, म्हणजे घरात मासळीचं नाव नाही, म्हणून सोमवारचं वाटप सगळ्यात आधी. ते डब्यात घालून, झाकण लावून फ्रीजमध्ये गेलं, की मगच अंगणातली मासळी आत यायची. तोवर बांगडे नळापाशी टोपलीखाली आणि मांजर टोपलीवर. दुपारपर्यंत मंगळवार-बुधवारची वाटपं गोठायला ठेवलेली, मुगांना मोड आलेले, गौरवी इस्त्री करतेय, साईश बुटांना पॉलिश लावत बसलाय. उंबऱ्यावर बसून चहात पाव बुडवताना सुविधाला वाटायचं, आता सोमवार आला तरी चालेल. असं तिला आठवड्यात फक्त तेव्हाच वाटायचं. एरवी तिच्या डोक्यात सतत काहीतरी उकळत असे.

खाण पुन्हा चालू व्हावी म्हणून तिने देवीपुढे किती नारळ ठेवले होते. आणि एका शनिवारी संध्याकाळी फोन आला. खाणीवरचा जुना मुकादम रामचंद्र.

"कृष्णनाथ, सोमवारी सकाळी ये. मशीन तुझ्याच हातात देतां. उद्या रातीमेरेन कळय, ना तर दुसरो मनीस बघतां."

"कळयतां," एवढंच कृष्णनाथ म्हणाला, आणि मूग निवडायला बसला.

रात्रभर सुविधाचा डोळा लागला नाही. त्याचं ब्लडप्रेशर, तो खाणीचा उतार, ती लाल धूळ. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट, जिची तिला लाज वाटत होती. त्याला काम मिळावं म्हणून इतकी वर्षं देवाला वेठीला धरलं, आणि आता मिळालं तर तो घरात हवा होता.

सकाळी आदोळीचा आवाज आला. ती उठून गेली. खोबऱ्याचे ढीग मेजावर तयार होते. कृष्णनाथ हात पुसत म्हणाला, "आज वाटप तू कर. शिकून घे."

"शिकून घे" एवढंच सुविधाच्या कानात राहिलं. म्हणजे हा जाणार. तिने मिक्सरचं भांडं पुढे ओढलं. तो बाजारातून बांगडे घेऊन आला, अंगणात साफ करत बसला. तिने सोमवारचं आणि मासळीचं, अशी दोन्ही वाटपं केली. हात चालत होते, लक्ष फोनकडे होतं. त्याचं काम हलकं करावं म्हणून साफ झालेले बांगडे तिने आत आणले, कुलेराने, म्हणजे मोठ्या चमच्याने, त्यांना वाटप चोळलं आणि तोच कुलेर सोमवारच्या वाटपात खुपसून ते डब्यात भरू लागली.

"मम्मी! कुलेर!" गौरवी ओरडली.

साईश धावत आला. डब्यात वाकून बघत, हातांनी पोहल्यासारखं करत म्हणाला, "जाऊ दे गो, उद्या मुगांबरोबर बांगडे पेंवतले!"

"तू गप रे!" सुविधा एवढ्या जोरात ओरडली, की अंगणातून कृष्णनाथ उठून आत आला. त्याने डबा बघितला, कुलेर बघितला आणि स्टुलावर बसून हसू लागला. हसता हसता बायकोकडे बघितलं, तर तिचे डोळे भरलेले.

"अगो, वाटपाक कोण रडता?"

"वाटपासाठी नाही," ती म्हणाली. "जायचं असेल तर सरळ जातो म्हणा. शिकून घे काय म्हणता? मी काय तुमच्या जागेवर लागलेय?"

कृष्णनाथ हाताला चिकटलेले खवले काढू लागला.

"हात शिवशिवतात गो माझे," तो म्हणाला. "रस्त्यान कोणाचेंय मशीन दिसलें की थांबून बघत रावतां. पण तू नको म्हणशीत जाल्यार ना म्हणून कळयतां."

नको, हा शब्द तिच्या ओठावर आला होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने तो गिळला.

"गोळ्या घेऊन जा," ती म्हणाली. "आणि उतारावर घाई नको."

"आणि आयतार?"

तिने बिघडलेला डबा बाजूला सरकवला. कृष्णनाथने हात धुतले आणि फोन लावला.

"रामचंद्रबाब, फाल्यां येतां. पण आयतार मला सुटी जाय."

"कित्याक रे? देवळात चाकरी धरली काय?"

"घरा काम आसा. आठवड्याचें वाटप करचें पडता."

पलीकडून एवढं मोठं हसू आलं, की ते साईशलाही ऐकू गेलं. "बायल खंय गेली तुझी?"

"हांगाच आसा. आज तिणें केलें, तें बघून म्हणटां."

"बरें बाबा, पावसामेरेन आयतार तुझो. मागीर बघूया."

पावसापर्यंत. सुविधाने मनातल्या मनात महिने मोजले. फार नव्हते, पण होते.

"पप्पा," गौरवी एकदम म्हणाली, "उद्या तुमचा डबा?"

आठवड्याची सगळी तयारी तीन डब्यांची होती. चौथा डबा या घरातून कित्येक वर्षांत निघालाच नव्हता. त्याचा जुना खाणीवरचा डबा फळीवर सापडला, कोकमाच्या सोलांनी गच्च भरलेला. सुविधाने सोलं कागदावर ओतली आणि डबा चिंचेने घासायला घेतला. कृष्णनाथ पुन्हा आदोळीवर बसला. सोमवारचं वाटप नव्याने करायचं होतं, आणि आता थोडं जास्त लागणार होतं.