आठ चाकांचं धूड

मिस्त्रीचं उभं आयुष्य जुन्या ट्रॅक्टरांच्या पोटात डोकं घालण्यात गेलं होतं. ते नुसते मिरवणाऱ्या हौशी मालकांना तो हिंग लावूनही विचारत नसे.

प्रदर्शनात अशाच एका मालकाचा आठ चाकांचा अजस्र जुना ट्रॅक्टर सुरूच होईना, म्हणून मिस्त्रीला बोलावणं आलं. पाहतो तर इंजिनात हवा जाण्याच्या जाळीवरही चकचकीत रंग थापलेला.

"श्वास कोंडलाय त्याचा. नटवण्यापेक्षा कधी चालवला असता, तर कळलं असतं," मिस्त्री म्हणाला.

जाळी खरवडून त्याने इंजिन सुरू केलं. त्या गडगडाटाने सीटवर फोटोसाठी बसलेला मालक घाबरून खाली उतरला आणि कानांवर हात ठेवून ओरडला, "बंद करा!"

"तुम्ही शिवणयंत्र पाळा," म्हणत मिस्त्री हात पुसून चालू लागला. इंजिन बंद कसं करतात, हे मालकाला ठाऊकच नव्हतं.