आधी आवाज, मंग हात

उंदरांवर संशोधन करणाऱ्या मॅडम म्हटलं, की तुमच्या डोळ्यापुढं कडक चेहरा अन् पांढरा कोट आला असंल. कोट होता, पण तो कायम खुर्चीला. आमच्यात ती खुर्चीच जास्त शास्त्रज्ञ दिसायची.

मॅडम आता रिटायर झाल्या. बिडकीनकडच्या मेंढरंवाल्या घरातल्या. उंदीर उचलायच्या आधी पिंजऱ्याशी बोलायच्या, "थांब रं राजा, मीच हाय." मी लॅबात मदतनीस म्हणून लागलो, तर पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "जनावराला आधी आवाज द्यायचा, मंग हात लावायचा. तुला कुणी मागून धरलं तर?"

काम हृदयाच्या दुखण्याचं. एका औषधानं उंदरांचं हृदय कमजोर करायचं, मंग निम्म्यांवर इलाज करून बघायचा. मॅडम समजावायच्या, "पेशी आपलंच मोडकंतोडकं खाऊन घर साफ ठेवती. पण त्यासाठी आतून निरोप लागतो. दुखऱ्या हृदयात निरोपच जात नाय, का गेला तरी कुणी उठत नाय, ते आपल्याला धुंडायचंय." लासूर स्टेशनच्या शाळेतून आलेल्या मलाबी हे झटक्यात कळलं. त्याहून झटक्यात मी त्यांच्या आवाजाची नक्कल बसवली.

रेखाताईची पीएचडी ह्याच उंदरांवर होती. शेपटीला पट्टा लावून ठोके मोजायचे. उंदीर घाबरला की आकडा खोटा. इलाजवाले उंदीर मॅडमनी आवाज देत देत मोजून दिले. दुसऱ्या दिवशी त्या तापानं घरी, अन् बिनइलाजवाले लागले उड्या मारायला. ताई रडकुंडीला आली. "परवा ह्यांची हृदयं काढायचीत रे. मंग मोजू कुणाला?"

मी पिंजऱ्याजवळ तोंड नेलं. "थांब रं राजा, मीच हाय."

उंदीर गप! संध्याकाळपर्यंत सगळे आकडे निघाले. ताईनं भजे खाऊ घातले.

सकाळी मॅडम आल्या, घोगऱ्या आवाजात. मी छाती फुगवून सगळं सांगितलं.

"दीडशहाण्या, इलाजवाल्यांनी माझा आवाज ऐकला, बाकीच्यांनी तुझा. आता फरक इलाजानं पडला का तुझ्या तमाशानं? सांग की!"

"पण मॅडम, ते शांत..."

"गप. त्यांचा जीव घेतोय आपण. तो फुकट घ्यायचा का?" त्यांनी सगळे आकडे खोडले. ताईचा चेहरा उतरला. "रडू नको गं. हृदयं चार दिवसांनी काढू. सगळ्यांना परत मोजायचं, एका दिवसात. माझा घसा गेलाय, म्हणून सगळ्यांना हा पोरगाच आवाज देईल." मंग माझ्याकडं वळून, "अन् मधी एकदा जरी हसलास ना, तर पुढचा पट्टा तुला लावीन!"