वास नसलेली खोली

मुलुंडला आमचं पोळीभाजी केंद्र आहे, माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं, म्हणजे वहिनींचं. खरकटं नि भाजीची देठं मागच्या टाकीत जातात, त्याचा गॅस होतो आणि त्यावरच आमची शेगडी चालते. पण कच्च्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास, शिवाय बर्नर कुरतडला जातो तो वेगळाच. म्हणून मागे पत्र्याच्या खोलीत एक पिंप आहे, गंजवलेल्या लोखंडी किसाने भरलेलं. गॅस त्यातून गेला की घाण किसाला चिकटते. कीस काळा पडला की बदलायचा.

नवा कीस नीट बसला की नाही, हे वहिनी नाकाने ठरवत. गॅस सोडायचा, पिंपाजवळ थांबायचं, वास मेला की काम झालं. मीटर आणा म्हणून मी डोकं आपटलं.

"माझां नाक असताना मीटर कित्याक?" झालं, विषय संपला!

त्या दुपारी वहिनी आत कीस बदलत होत्या आणि मी शेगडीपाशी वाट बघत होते. वास इतका सुटला की डोळे चुरचुरायला लागले. तेवढ्यात आतून हाक आली, "वास गेलो गो! पेटव आता."

मी काडी काढली आणि थबकले. इथे माझ्यापर्यंत भपकारे येत होते, आणि पिंपाला खेटून उभी असलेली बाई म्हणत होती, वास नाही.

"वहिनी, आधी बाहेर या!"

आत फक्त फुसफुस चालू होती.

मी काडी टाकली, टाकीजवळचा नळ बंद केला, श्वास रोखून आत शिरले. वहिनी पिंपाला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे, चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखं समाधान. काखेत हात घालून मी त्यांना फरफटत बाहेर आणलं.

डॉक्टर म्हणाले, हा गॅस फार झाला की आधी नाकच मारतो. वास जातो, गॅस तिथेच असतो.

वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा मी रडले आणि त्यांच्यावर ओरडलेही. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"थंय किती बरी हवा होती गो. माका कित्याक भायेर काढलंस?"

आता त्या खोलीला कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला असते. त्या अजून मागतात.