आडाच्या चिऱ्यातलं मूळ

परवा आमच्या जुन्या वसाहतीचा मेळावा झाला आणि तेव्हा आमच्या शेजारी राहणाऱ्या गुरुजींनी ध्वनिक्षेपकावरून माझ्या निलगिरीची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. त्यांच्या कथनानुसार दुष्काळाच्या वर्षी माझ्या झाडाने वसाहतीचा आड पिऊन टाकला. मी आडात चोरून उतरलो आणि पकडला गेलो. लाजेने झाड मुळासकट उपटले. आणि वसाहतीने मोठ्या मनाने मला माफ केले. ही चार विधाने. त्यांपैकी साडेतीन खोटी आहेत. उरलेले अर्धे खरे आहे, आणि तेही गुरुजींना ठाऊक आहे ते मी सांगितले म्हणून. मी त्याच सभेत उठणार होतो. मुलाने सदरा धरून बसवले. तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

लातूर नुकते जिल्ह्याचे ठिकाण झाले होते. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत भरत होत्या, नकाशे अजून पेट्यांतून बाहेर यायचे होते. मी मोजणीखात्यात होतो आणि नांदेडहून बदलून आलो होतो. गावाच्या कडेला एका जुन्या मळ्यात नवी घरे उठली होती, त्यांतले एक मी भाड्याने घेतले. मळ्याचा दगडी आड मधोमध तसाच राहिला होता. दहा-बारा घरांचे पाणी तेच. आडाच्या एका अंगाला गुरुजींचे घर आणि त्यांचा कडुलिंब, दुसऱ्या अंगाला आमचे.

निलगिरी म्हटले की लोकांना रस्त्याकडेला लावलेली बल्ल्यांची रांग आठवते. माझे झाड ते नव्हे. थंड हवेच्या गावाहून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मला त्याचे रोप दिले होते. त्याची पाने गोल, रुपेरी-निळसर, आणि देठाशिवाय फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटलेली. फांदी जणू पानांतूनच ओवून काढली आहे. ते झाड नुसते वाढू दिले तर पाने लांबोडकी होतात आणि सारी शोभा जाते. म्हणून थंडी सरताना दरवर्षी ते गुडघ्याएवढे ठेवून छाटायचे. खोडाला नवे धुमारे फुटतात, आणि त्यांना पुन्हा गोल पाने येतात. नांदेडच्या उन्हात ते जगले नसते. लातूरची हवा त्यामानाने सौम्य, संध्याकाळी वारा सुटणारी. तीन वर्षांत माझ्या अंगणात ते असे भरले, की तहसीलदारांच्या पत्नी हारतुऱ्यांसाठी फांद्या मागून नेत.

लावताना मी आडापासूनचे अंतर साखळीने मोजले होते. अठ्ठावीस फूट. मोजणीच्या माणसाला वाटते, की रेघ मारली की प्रश्न मिटला. मी जमिनीचा वरचा भाग मोजला होता, खालचा नव्हे. ही चूक माझी, आणि ती मी कोणाला दाखवू दिलेली नाही. मीच दाखवली आहे.

चौथ्या वर्षी पाऊस झालाच नाही. माघात आडाचा तळ दिसू लागला. पहाटे घागरी रांगेत लागत आणि प्रत्येक घराच्या वाट्याला चार पोहरे येत. माझ्या पत्नीची पाळी तिसरी होती. झाडाला ती मोरीचे पाणी घालीत असे, आडाचा एक थेंबही नव्हे. तरीही झाड हिरवे होते, आणि दुष्काळात हिरवे असणे हाच पुरावा ठरतो.

एका सकाळी गुरुजी रहाटाला टेकून म्हणाले, "काय साहेब, तुमचं झाड लई तरतरीत दिसून राहिलंय!"

"तुमचा लिंबही हिरवाच आहे, गुरुजी."

"लिंब देवाचा. ते तुमचं विलायती, घोड्यावाणी पितंय."

"मोजलंय का तुम्ही?"

"मोजायचं तुमचं काम. आम्ही पिऊन पाहतो, न्हाई मिळालं की कळतंय!"

लोक हसले. इथवर थट्टा होती. मग गुरुजींनी सुचवले, की माझ्या घराची पाळी यापुढे सर्वांत शेवटी लावावी; झाडाने आमचा वाटा आधीच उचलला आहे. कोणी नाही म्हटले नाही.

शेवटी. हा शब्द माझ्या कानांत कुठे जाऊन बसला, ते गुरुजींना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. भोकरकडच्या आमच्या गावात माझे वडील विहिरीच्या ओट्याखाली घागर घेऊन उभे राहत. सगळ्यांचे झाल्यावर वरून कोणी पोहरा ओतला तर पाणी, नाही तर उभे राहणे. त्यांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले जुने देव नदीला सोडले, मला शिकवले. पण विहीर तीच राहिली. लातूरच्या आडावर माझी पत्नी तिसऱ्या पाळीला घागर ठेवीत असे, हे त्यांनी एकदा येऊन डोळ्यांनी पाहिले होते. बराच वेळ पाहत होते.

म्हणून मी म्हणालो, "आडाचा गाळ काढायचाच आहे. मी स्वतः उतरतो. माझ्या झाडाचं मूळ सापडलं तर मी सांगेन. नाही सापडलं, तर हा शब्द तुम्ही परत घ्याल."

"साहेब उतरणार!" मागून कोणीतरी ओरडले. "कोट घालून का?"

मी उतरलो, आणि कोणी मला पकडले नाही. भर दुपारी, सर्वांसमक्ष, कमरेला दोर बांधून, विहिरींची कामे करण्यात हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या गड्याबरोबर उतरलो. खाली गारवा होता आणि कुजलेल्या पानांचा वास. गाळाच्या वर, पुरुषभर उंचीवर, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून तांबूस तंतूंचा झुपका लोंबत होता. बाजू माझ्या अंगणाची. मी एक तंतू चावून पाहिला. कडू लागला नाही. लिंबाचा नव्हता.

म्हातारा माझ्याकडे पाहत होता. त्याने कमरेचा विळा काढून झुपक्याला लावला आणि हलकेच म्हणाला, "साहेब, कापून गाळात दाबून टाकतो. वर मी काई सांगत न्हाई. तुमच्या घरच्या मान्साची पाळी जाईल उगं."

गुरुजींच्या गोष्टीत हा प्रसंग नाही, मी मुलाला सांगितलेल्या गोष्टीतही नाही. तो मी कोणाला सांगितलेला नाही. मी लगेच नको म्हटले नाही. वर आडाच्या तोंडाएवढे आभाळ दिसत होते आणि त्याच्या कडेला माणसांची डोकी. विळा झुपक्यावर तसाच होता. आपण काय निवडू शकतो हे मला त्या वेळी पुरते कळले होते, आणि तरीही मी गप्प राहिलो. किती वेळ, ते मोजलेले नाही.

मग वरून गुरुजींचा आवाज आला, "काय साहेब, घावलं का?"

"घावलं!" मी ओरडलो. "पोहरा सोडा!"

म्हाताऱ्याने विळा ओढला. हातभर मूळ पोहऱ्यात टाकून मी ते माझ्याआधी वर पाठवले. मी वर आलो तेव्हा ते दगडावर पडले होते आणि सगळे त्याच्याभोवती उभे होते.

"हे माझ्या झाडाचं आहे," मी म्हणालो. "अठ्ठावीस फूट चालत आलंय. माझा हिशेब चुकला. पण एवढ्या तंतूंनी आड आटत नाही. आड पाऊस न पडल्यानं आटला, ते तुम्हालाही कळतंय. मी झाड आजच छाटतो आणि मधे चर खणतो. पाळीचा शब्द मात्र मी मान्य करणार नाही. मूळ माझं निघालं तरी नाही."

"ह्ये बरंय!" गुरुजी म्हणाले. "हरलं तरी ह्येंचंच खरं!"

झाड मी उपटले नाही. गुडघ्याएवढे ठेवून छाटले, जसे दरवर्षी छाटत असे. त्याच संध्याकाळपासून आड आणि झाड यांच्यामध्ये कंबरभर खोल चर खणायला घेतला. मुरूम होता, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मीच खणत होतो. सापडेल ते मूळ तोडत गेलो. येणारे-जाणारे विचारीत, "साहेब, सरहद्द आखून राहिले का?" मी कुदळ मारीत राही. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि त्याच खोडाला गोल पानांचे धुमारे आले. बदली होऊन ते घर सोडले त्या दिवशीही ते उभे होते. उपटले म्हणणाऱ्याने माझ्याबरोबर यावे, जागा दाखवतो. आता तिथे दुकाने आहेत, पण जागा मला मोजून काढता येते.

माफ केले, हे चौथे विधान. तेच मला सर्वांत जास्त लागले आहे.

आडात उतरलो त्याच्या दुसऱ्या पहाटे मी पत्नीला म्हणालो, "आज मी येतो बरोबर."

"कशाला?" ती चुंबळ डोक्यावर ठेवीत म्हणाली. "भांडायला? तुम्ही खणा तिकडं."

मी चरात उभा राहून पाहत होतो. रांगेत पहिल्या दोन घागरी नेहमीच्याच होत्या, आणि आमच्या तिसऱ्या जागी गुरुजींच्या पत्नीची, पुढे सरकवून ठेवलेली. माझी पत्नी शेवटच्या घागरीपाशी थांबली नाही. ती सरळ पुढे गेली आणि आपली घागर तिसऱ्या जागी टेकवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाईंनी मान वळवून पाहिले. पत्नीने पाहिले नाही. थोड्या वेळाने बाईंनी आपली घागर काठाला धरून मागे ओढली. दगडावर घासल्याचा आवाज मला चरापर्यंत ऐकू आला.

"चार पोहरे हायेत हं, वैनी," बाई म्हणाल्या. "पाच न्हाई."

"चारच घेते," पत्नी म्हणाली, आणि तिने दोर सोडला.

माफ केले म्हणून सांगणारे गुरुजी तिथे नव्हते. ते अजून झोपलेले होते.